पन्हळीवरची जाळी

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीसुद्धा पुढं यावं, जागा भरपूर आहे. आज एका पन्हळीची गोष्ट सांगतो. पन्हळ म्हणजे पत्र्याच्या कडेला पावसाचं पाणी धरणारी साधी नाली. पण तिनं सोलापुरात एका सज्जन गृहस्थाचं भरलेलं कीर्तन वाहून न्यायची वेळ आणली.

गृहस्थाचं नाव गंगाधर. कचेरीत हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. घराच्या पडवीवर पत्रे, पत्र्यांना पन्हळ आणि पन्हळीतून पाइप थेट हौदात. नळाला पाणी कधी येईल हे नळालाही ठाऊक नसतं अशा गावात पावसाचा थेंब वाया घालवणं गंगाधररावांना पाप वाटे. अडचण एवढीच, की डोक्यावर कडुलिंब. त्याची पानं पन्हळीत साचत, आणि गंगाधरराव शिडी लावून वर चढत. गेल्या वर्षी ते चढले होते पायांनी आणि उतरले होते पाठीनं. प्लास्टर निघालं त्याच दिवशी त्यांच्या पत्नीनं, सरोजिनीबाईंनी, शिडी कुठंतरी दडवून ठेवली.

अशात एक दिवस सरोजिनीबाईंचा भाचा सुबोध आला. तो दरवर्षी काहीतरी नवं विकायचा. या वर्षी त्याच्या खांद्यावर बारीक छिद्रांच्या जाळीची गुंडाळी होती.

"काका, ही पन्हळीवर एकदा बसवली की पान आत जाणार नाही. लाइफटाइम गॅरंटी."

"कुणाची लाइफटाइम?" सरोजिनीबाईंनी आतून विचारलं. "जाळीची का ह्यांची?"

"दोघांची, मावशी. अट एकच. वर चढून जाळीला हात लावायचा नाही. लावला की गॅरंटी संपली."

ही अट सरोजिनीबाईंना जाळीपेक्षाही आवडली. सुबोधनं पैसे घेतले नाहीत. जाताना मात्र हळूच म्हणाला, "आजीच्या तिथीला तुमच्याकडं कीर्तन असतंय की. मध्ये हार घालतात त्या वेळी मला दोन शब्द बोलू द्या, बस."

फुकट जाळी घेतलेला माणूस नाही कसं म्हणणार? गंगाधररावांनी मान हलवली.

आता हे कीर्तन म्हणजे गंगाधररावांच्या काळजाचा विषय. त्यांच्या आईला कीर्तनाचं विलक्षण वेड. पण पूर्वरंगातलं निरूपण संपायचं, कीर्तनकाराला हार-बुक्का व्हायचा आणि उत्तररंगातलं आख्यान सुरू होणार, तोच ती माऊली प्रसादाचं बघायला आत उठून जायची. जन्मभर अर्धं कीर्तन ऐकून ती गेली. म्हणून तिच्या तिथीला उत्तररंग पुरा झालाच पाहिजे, शेवटच्या गजरापर्यंत, हा गंगाधररावांचा हट्ट. ही हकीकत ते पाहुण्यांना डोळ्यांत पाणी आणून सांगत. सरोजिनीबाईंनी ती पुष्कळदा ऐकलेली होती, रवा भाजता भाजता.

जाळी बसली. पानं खरोखरच अडली. मागच्या अंगाला शेजारीण काशम्माचे दोन यंत्रमाग होते, टॉवेलचे. मागांचा कापूस दिवसभर हवेत उडायचा. इतकी वर्षं तो पन्हळीतून पाण्याबरोबर निघून जाई. आता तो जाळीवर बसला. त्यावर धूळ बसली, धुळीवर कडुलिंबाची काडी, काडीवर पुन्हा कापूस.

"गंगाधरराव, वर बघा की जरा," काशम्मा गच्चीवरून म्हणाली. "जाळीवर गादी भरलीया तुमच्या. कापूस आमचाच हाय, वळख हाय माजी."

"हात लावता येत नाही, काशम्मा. गॅरंटी जाते."

"मग पाऊस आल्यावर गॅरंटी धरा की डोस्क्यावर."

गंगाधरराव हसले. नोकरीत त्यांनी एकही नियम मोडला नव्हता. हा तर घरचा नियम होता.

तिथीचा दिवस उजाडला. अंगणात ताडपत्री बांधली, तिचं एक टोक पन्हळीच्या हुकांना आणि दुसरं कंपाउंडच्या खांबांना. अक्कलकोटहून ज्ञानदाताई कीर्तनाला आल्या. वयानं लहान, आवाजानं खणखणीत. "काका, शेवटच्या एस्टीनं परत जायचं हं मला," त्यांनी आधीच बजावलं होतं. पूर्वरंगाला त्यांनी लोभ हा विषय घेतला आणि तो इतका सुरेख सोडवला, की पुढच्या ओळीतल्या सावकारानंसुद्धा डोळे पुसले. हार झाला, बुक्का झाला. ताई टाळ सारखे करून उत्तररंगाला उभ्या राहणार, इतक्यात माइक सुबोधच्या हातात गेला.

"दोनच शब्द," सुबोध म्हणाला. "ताईंनी आत्ता मनातला कचरा सांगितला. मी छपरावरचा सांगतो."

सवयीनं पेटीवाल्यानं त्याला सूर दिला. त्यामुळं सुबोध आणखी फुलला. जाळीचा जन्म, जाळीची तार, जाळी नसलेल्या घरांची दैना, असं करत तो जाळीच्या रंगांपर्यंत आला. गंगाधरराव एकदा घड्याळाकडं बघत, एकदा ताईंच्या पिशवीकडं. एस्टीची वेळ जवळ येत होती आणि आईचा उत्तररंग डोळ्यांदेखत आटत होता.

"सुबोध, आवर की," ते हळूच म्हणाले.

"मेन पॉइंट राहिलाय, काका."

तेवढ्यात पत्र्यावर ताशा वाजावा तसा पाऊस आला. दुसरा कोणी असता तर थांबला असता. सुबोधचा चेहरा उजळला. "बघा मंडळी, देवानंच डेमो दिला. आता सगळं पाणी पन्हळीत जाईल, आणि पान राहील वर."

पान वर राहिलं. पाणीही वरच राहिलं. जाळीवर काशम्माच्या मागांनी घट्ट टॉवेल विणून ठेवला होता. त्यावरून पाणी घसरलं ते सरळ ताडपत्रीवर. ताडपत्रीला पोट आलं. पोट वाढत वाढत नेमकं सुबोधच्या डोक्यावर लोंबायला लागलं.

"आरं ए भाषणवाल्या, बाजूला हो की," काशम्मा ओरडली.

"घाबरू नका. पाणी बघा, पाणी. एक तरी पान दिसतंय का त्यात?" असं म्हणून पाणी सगळ्यांना दिसावं म्हणून सुबोधनं हातातल्या नमुन्याच्या जाळीनं ते पोट वर ढकललं. जाळीच्या कडा धारदार होत्या. हा गुण त्यानं भाषणात सांगितला नव्हता.

पुढं काय झालं ते सांगण्यात वेळ घालवत नाही. माइक गेला, लाइट गेली, आणि सगळी मंडळी चपला सोडून घरात शिरली. सुबोध मागून आला, डोक्यापासून पायापर्यंत निथळत.

"ही तुझी गॅरंटी?" गंगाधररावांनी विचारलं.

"गॅरंटी पानाची आहे, काका. कापसाचं आपलं बोलणं कुठं झालं होतं?"

गंगाधररावांना त्याचा गळा धरावासा वाटला; पण सात्त्विक दिवस होता. ते ताईंकडं वळले. "ताई, उत्तररंग... आईचा..."

"मग होऊ दे की," ज्ञानदाताई पदराचं पाणी पिळत म्हणाल्या. "एस्टी गेली तर गेली. मावशी झोपायला जागा देतील मला. देव काय अंगणातच असतोय होय?"

पण उभं राहायचं कुठं? खोल्या माणसांनी गच्च भरलेल्या. मोकळा होता तो फक्त स्वयंपाकघराचा उंबरा. ताई त्यावर उभ्या राहिल्या. पेटी पिठाच्या डब्यावर गेली, कुणीतरी कंदील धरला आणि आख्यान सुरू झालं: देव भुकेला होऊन एका बाईच्या दारी येतो आणि घरात शिजलेलं काही नसतं.

गंगाधरराव कोंडाळ्यातून वाट काढत, ताईंच्या मागून अंग चोरून आत गेले ते शिरा सांभाळायला सांगण्यासाठी. गॅसवर भलं थोरलं पातेलं. त्याच्याशेजारी सरोजिनीबाई, उलथनं हवेत धरलेलं, हलवायचं विसरलेलं. दारातच ताई उभ्या असल्यानं त्यांना ऐकल्यावाचून राहता येत नव्हतं. पहिल्यांदा आकाशकंदील बघणाऱ्या पोरीसारखं त्यांचं तोंड झालं होतं. सून म्हणून या घरात आल्यापासून प्रत्येक उत्तररंगाला त्या याच जागी उभ्या होत्या, कीर्तनाकडं पाठ करून. गंगाधररावांनी हे आज पाहिलं.

त्यांनी उलथनं हातातून काढून घेतलं. "तू हो पुढं. मी हलवतो."

"अहो, तळाला लागंल."

"लागू दे."

सरोजिनीबाई उंबऱ्यापाशी जाऊन बसल्या. गंगाधरराव हलवत राहिले. गॅसच्या कोपऱ्यावर नेमका पडवीचा पत्रा टेकलेला. पावसाच्या आवाजात ताईंचा एक शब्द धड पोचेना. "आणि मग त्या बाईनं..." एवढं ऐकू आलं, मग लोक हसले, मग सगळं घर गप्प झालं, कुणीतरी नाक ओढलं, आणि एकदम गजर उठला. उत्तररंग पुरा झाला होता.

"काय झालं गं शेवटी?" त्यांनी विचारलं.

सरोजिनीबाईंनी पदरानं डोळे टिपले. "लई गोड झालं. सांगते सावकाश. आधी द्रोण भरा तुमी, माणसं खोळंबलीत."

आणि गंगाधररावांनी द्रोण भरले. शिरा तळाला लागला होता. तक्रार कुणी केली नाही.

तर मायबापहो, एवढंच मागणं. यापुढं कुठं कथा रंगात आली आणि तुम्ही मांडी घालून पुढं सरकलात, की आत चुलीपाशी जी उभी असेल तिची आठवण ठेवा. आणि नुसती आठवण ठेवून बसू नका. उठा, आणि तिच्या हातातलं उलथनं घ्या.