दीड तासात मस्कत

टोकावड्यात बबनकाकांना कुणी अंतर विचारलं, की ते आधी विचारणाऱ्याचीच उलटतपासणी घेतात. "बाजाराचा दिस हाय का? पाऊस हाय का? ड्रायव्हर कोन?" मुरबाड किती लांब, ते मग ठरतं. किलोमीटरचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही. "किलोमीटर दगडावर असतात रे. गाडी रस्त्यावर चालते."

काकांनी जन्मभर एसटी चालवली, तीही माळशेज घाटातून. त्यामुळे कुणी ताशी वेगाची फुशारकी मारली, की ते त्याच्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघतात.

त्यांच्या एकुलत्या एका पोरीला, सुजाताला, मस्कतच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. मी शेजारी, तिकीट माझ्या मोबाइलवर आलं. मी वाचून दाखवलं, "पंधराशेच्या आसपास किलोमीटर. सकाळी दहाला निघणार, साडेअकराला पोचणार."

काका खाटेवरून उठलेच. "दीड तासात? तेवढ्यात आमची गाडी कल्याणला लागत नाय! हानतोय तो!"

"तिथलं घड्याळ दीड तास मागं असतं, काका. खरा प्रवास तीन तासांचा."

"आन् समोरून दुसरं आलं तर?"

सुजाता हसली. "बाबा, विमानात दोन पायलट असतात."

"दोन?" काका आणखीच घाबरले. "मंग जबाबदारी कुनाची?"

ती गेली त्या दिवशी तिचा मामा तिला विमानतळावर सोडायला गेला. काका ओट्यावर माझा मोबाइल मांडीवर घेऊन बसले. साडेअकरालाच म्हणाले, "वाजला नाय."

"आपल्या एक वाजता पोचेल, काका."

"तिकिटावर साडेअकरा हाय."

एक वाजला. फोन नाही. काकांचा चहा तसाच निवला. "वाटंत थांबा नाय, चहापानी नाय, मानसानं गाडी हाकायची कशी?"

"आवो, समुद्रावर कुठला ढाबा?" काकू म्हणाल्या खऱ्या, पण त्याही कामं टाकून बाहेर येऊन बसल्या. दीड झाला. दोन झाले.

मग एकदाचा फोन वाजला. "बाबा, पोचले. सिम घ्यायला रांग होती."

"बरं. जेवून घे," एवढंच काका बोलले.

थोड्या वेळानं त्यांनी काकूंना विचारलं, "घाटात दरड पडली का माझी गाडी अडकायची. तवा तू अशीच बसायचीस काय गो?"

"मी पडायची जरा. पोर नाय झोपायची. हितंच बसायची, तुमी येस्तवर."

"मला कदी बोलली नाय ती."

"मलापन बोलू दिलं नाय. म्हनायची, बाबांना कळलं तर गाडी जोरात आनतील."

काका समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. माझा मोबाइल त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. तो परत मागायचं माझ्या जिवावर आलं.