बावीस हजारांचा नवस

"देवीपाशी मोघम मागू नये, आकडा सांगावा," असं सारिकाची आई सांगायची. मंगळवारचा उपास ती जितक्या निष्ठेनं पाळायची, तितक्याच निष्ठेनं सारिकानं हेही पाळलं. कार्ल्याला एकवीरेपुढे हात जोडून तिनं स्पष्ट सांगितलं, "यांचा पगार बावीस हजार होऊ दे. कुसगावातून अनवाणी येईन, ओटी भरीन."

एप्रिलात पगार झाला बावीस हजार. रुपया इकडे नाही की तिकडे नाही.

तिचा नवरा पवन एका हॉटेलच्या लॉण्ड्रीत चादरी धुवायचा. पगाराची पावती फडकवतच तो घरी आला.

"फंड जरा जास्त कापलाय. पण हे बघ, कामगार विम्याचं कापणंच बंद!"

महिन्याचे दीडशे वाचले म्हणून तीनशेचे पेढे वाटले गेले.

सासूबाईंचं, म्हणजे शालूबाईंचं, आठवड्यातून दोनदा होणारं डायलिसिस त्याच विम्यावर फुकट चालायचं. पुढच्या खेपेला काउंटरवरच्या बाईंनी कार्ड पाहिलं.

"एकवीस हजारांच्या वर पगार गेला की विमा सुटतो. डिसेंबरपर्यंत चालेल. पुढे बाहेर पैसे भरून करा."

बाहेर किती लागतील ते ऐकून पवन मटकन खुर्चीत बसला. खुर्ची दुसऱ्या पेशंटची होती. त्या पेशंटनं त्याला बसू दिलं, त्यानंही कधीतरी तो आकडा ऐकलेला असावा.

पवन आणि सारिका हॉटेलच्या मॅनेजरसाहेबांकडे गेले.

"साहेब, पगार दोन हजारांनी कमी करा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आजवर असं मागायला कुणी आलं नाही. अहो, कापतात सगळ्यांचंच. माझा इन्कम टॅक्स बघा, यंदा दुबई रद्द करून महाबळेश्वरवर भागवलं."

सारिकाला त्यांचं खरंच वाईट वाटलं. पगार मात्र मुंबईच्या ऑफिसात ठरतो आणि वर गेलेला खाली येत नाही, असं कळलं.

फाटकाशी भातशेतीवाले रखमाजी आबा भेटले. सगळं ऐकून म्हणाले, "आमचं न्हाई बा कुणी कापत. शेतीला टॅक्सच न्हाई. तुमीबी भात लावा की."

"आबा, जमीन?"

"व्हय, ती लागंल."

घरी शालूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आगं, मला इचारायचंस. मी वीसच सांगितलं असतं." मग म्हणाल्या, "आठवड्याला दोन खेपा हायत न्हवं? एकच करू. उरलेल्या डिसेंबरच्या पुढं वापरू."

"त्या साठत न्हाईत, आई," पवन भिंतीकडं बघत म्हणाला.

"बरं." त्या सुनेकडं वळल्या. "पण तू बोललीस ते फेड. देवीनं तिचं काम केलंय."

मंगळवारी पहाटे सारिकानं ओटीचे तांदूळ-नारळ पिशवीत भरले, चपला खाटेखाली सरकवल्या आणि सासूबाईंची झोप मोडू नये म्हणून दार हळूच ओढून घेतलं. डांबर पायाला गार लागत होतं. देवीपुढं काय बोलायचं ते जुळवत ती चालली होती. ठरलं होतं एवढंच, की या खेपेला आकडा देवीवर सोडायचा.