श्रीखंडाच्या डब्यातली नाळ

मेश्राम काकांच्या नातीची नाळ मी सुंठ समजून चहात टाकणार होते. खलबत्त्यात घातली होती, बत्ताही उचलला होता. आणि तो चहा खुद्द काकांसाठीच होता.

मुंग्यांच्या भीतीनं मी सुंठ, वेलची सगळं फ्रीजरमध्ये कोंबते. त्या संध्याकाळी काका आले, म्हणाले, "मॅडम, घसा बसला, चहा पाजा जरा." फ्रीजर उघडला तर श्रीखंडाचा डबा दिसला. आत पांढऱ्या फडक्यात काळपट, सुकलेला, बोटाच्या पेराएवढा तुकडा. म्हटलं, हीच सुंठ. ठोका घालणार तोच काका स्वयंपाकघरात धावत आले.

"ठोकू नोका मॅडम! सम्यकचा इलाज हाये तो!"

बत्ता माझ्या पायावर पडला. तो तुकडा काय आहे हे कळल्यावर तर मी दुखरा पाय विसरून मोरीकडे धावले आणि साबण संपेपर्यंत हात धूत राहिले. काकांचा फ्रीज बिघडला होता, म्हणून दुपारी मी शाळेत असताना त्यांनी डबा आमच्या ह्यांच्या हाती दिला होता. ह्यांनीही आत न बघता ठेवून दिला. ह्यांच्याकडे मी नंतर पाहिलं.

नागपूरकडच्या शहापुरात आमच्या भिंतीला भिंत लावून काकांचं घर. सगळी नोकरी जवाहरनगरच्या दारूगोळा फॅक्टरीत गेली. फॅक्टरीतून काका निवृत्त झाले, काकांमधून फॅक्टरी झाली नाही. तिथं आत जाताना काडीपेटी काढून ठेवावी लागते, म्हणून त्यांच्या घरीही फाटकावरच खिसे तपासतात. आमचे हे पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले, तेव्हा लायटर फाटकावर जमा करूनच आत गेले.

दुसरं म्हणजे काका काहीही टाकत नाहीत. "फेकू नोका, कामी येते," हे त्यांचं ब्रीद. एका पायाची चप्पल, वाजत नसलेली सायकलची घंटी, बिनकाट्याचं घड्याळ, सगळं मागच्या खोलीत रांगेनं मांडलेलं. एकदा मी फुटका माठ उकिरड्यावर टाकला, तर तासाभरात तो त्यांच्या अंगणात पालथा होऊन त्यावर कोंबडी बसलेली.

पण नाळ! आपल्याकडे नाळ पडली की अंगणात पुरतात. त्यांची नुकतीच बाळंत झालेली सून बिचारी ती शोधून शोधून थकली होती आणि शेवटी मांजरानं नेली असं समजून रडली होती.

"काका, हे काय चाललंय?" मी जवळजवळ ओरडलेच.

काकांनी डबा छातीशी धरला. त्यांचा नातू, बाळाचा थोरला भाऊ सम्यक, सात वर्षांचा. त्याला सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात, आणि पोरगं हातपाय धरून किंचाळतं. त्याचं ते रडणं भिंतीपलीकडून आम्हालाही ऐकू येई. दवाखान्यात बसल्या बसल्या काकांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं की नाळेत स्टेम सेल असतात आणि त्यांनी हा आजार बरा होतो.

"स्टेम सेल म्हंजे समजते का मॅडम? फॅक्टरीतला नवा अप्रेंटिस. त्याले अजून कोणतं काम लागलंच नाही. ज्या सेक्शनले टाकसान, तिथलं काम शिकते. सम्यकचं रक्ताचं सेक्शन बिघडलं. तिथं नवीन भरती करा लागते."

इतकं बरोबर सांगून हा माणूस वाळलेली नाळ श्रीखंडाच्या डब्यात ठेवतो, याला काय म्हणावं? पण त्यांचे डोळे बघून मी नागपूरच्या रक्ताच्या डॉक्टरांची वेळ घेतली. रविवार गाठून मीच त्यांच्याबरोबर नागपूरला गेले. बसमध्ये डबा मांडीवर, डब्याभोवती बर्फाची पिशवी, पिशवीचं पाणी माझ्या साडीवर.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. डबा उघडून त्यांनी आत पाहिलं, आणि देव त्यांचं भलं करो, त्या हसल्या नाहीत.

"काका, कामाचं असतं ते नाळेतलं रक्त. ते जन्माच्या वेळीच घ्यावं लागतं, आणि घरच्या फ्रीजमध्ये ते टिकत नाही. या तुकड्यात आता जिवंत काही नाही."

काकांचा चेहरा असा उतरला की मीच खुर्ची धरली.

"पण नाळ गेली तरी बाळ आहे ना," बाई म्हणाल्या. "त्या पेशी तिच्या हाडांच्या मगजातही आहेत. सख्ख्या भावंडाशी जुळायची शक्यता चारात एक. जुळल्या तर ती जरा वाढल्यावर काढता येतील. त्याआधी सम्यकला कडक औषधं द्यावी लागतील. सोपं नाही, पण होऊ शकतं."

"म्हंजे अप्रेंटिस पोरीच्या हाडात हायेत?"

"हो."

"काढताना तिले दुखन?"

"भूल देतो. नंतर थोडं दुखेल."

परतीच्या बसमध्ये शहापूर येईपर्यंत काकांनी डबा मांडीवरून हलवला नाही. पुढच्या खेपेला बाळाचं, म्हणजे सुजाताचं, आणि सम्यकचं रक्त तपासायला दिलं, आणि मग वाट बघणं सुरू झालं. इकडं डबा आमच्याच फ्रीजरमध्ये परत आला. मी म्हटलं, "आता तरी पुरा." तर म्हणाले, "राहू द्या. कामी येते."

निकाल आला. जुळलं! सून माझ्या गळ्यात पडून रडली, आमच्या ह्यांनी पेढे आणले. काकाच कुठं दिसेनात. मी पेढा घेऊन त्यांच्या आतल्या खोलीत गेले आणि दारातच थिजले.

ज्या माणसानं उभ्या जन्मात साहेबापुढं मान वाकवली नाही, तो पाळण्यापाशी गुडघे टेकून बसला होता. सुजाताची दोन्ही पावलं त्यांनी कपाळाला लावली होती.

"माय, तुह्या हाडातलं थोडंसं तुह्या दादाले देशीन का?"

मी पुढं झाले. "काका, हे काय? तिला काय कळतंय?"

त्यांनी मान वर केली नाही.

"हे बिमारी अर्धी सुनेच्या माहेरून आली मॅडम, अन् अर्धी मह्यापासून. मह्या रक्तातून पोराले, पोरापासून सम्यकले. आयुष्यभर भंगार राखून ठेवलं, अन् वारशात हेच देलं. देताना कोणाले विचारलं नाही. आता घेताना तरी विचारा लागते ना?"

सुजातानं त्यांची मिशी मुठीत धरली आणि सगळा जोर लावून ओढली. काकांनी ती सोडवली नाही. तसेच वाकून बसले, आणि त्यांचे डोळे वाहत होते.

मी पेढा पाळण्याशेजारी ठेवला आणि दार लोटून घरी आले. डबा अजून आमच्याकडेच आहे. आता पाहुण्यांना बर्फ लागला तर फ्रीजर मीच उघडते.