एकोणीस आकड्याचा मान

संगणकाच्या पोटात शिरून गुन्हेगाराची मानगूट धरणारा सोलापूर जिल्ह्यातला एकमेव गुप्तहेर म्हणजे मी, सयाजी. एकमेव अशासाठी, की दुसऱ्या कुणाला हा धंदा करावासा वाटला नाही. नजर माझी घारीची. चष्मा मात्र दर सहा महिन्यांनी बदलावा लागतो.

त्या दुपारी पद्मजाताईंचा फोन आला. त्यांचा चादरींचा छोटा कारखाना आहे. नक्षी आधी संगणकावर तयार होते, मग मागावर चढते.

"सयाजी, नक्षीचा प्रोग्राम रांगतोय. सकाळपासून मोराची नुसती शेपटी झालीय. पाचच्या आत नमुना विणून दाखवला नाही तर ऑर्डर गेली की! माग बंद, माणसं बसून."

"घातपात!" मी म्हणालो आणि स्कूटर काढली.

पोचल्या पोचल्या भिंग लावून कीबोर्ड तपासला. फटीत लाल भुकटी होती. "आरोपी शेंगाचटणी खातो," मी जाहीर केलं.

"मग अख्खं सोलापूर आत टाका," पद्मजाताई म्हणाल्या.

मग मी व्हायरस शोधायला बसलो. तासभर शोधला. व्हायरस मिळाला नाही, मशीन मात्र आणखी मंदावलं. मग वाटलं, मोराला पिसंच जास्त झालीत. "थोडी कमी करू?"

"मग लांडोर विणू का?"

तीन वाजले. ताईंचे डोळे भरून आले आणि मला खरंच वाईट वाटलं. धीर द्यायला म्हणून मी चालू कामांची यादी उघडली.

"हे बघा, तुमच्या नक्षीची मी मागच्याच आठवड्यात खास सोय केलीय. मशीन सुरू झालं की माझा छोटा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारून कुठल्या कामाला किती मान ते सांगतो. नक्षीला सगळ्यात मोठा आकडा, एकोणीस! आज सकाळपासून कॅटलॉगचे फोटो लहान करायचं चिल्लर काम चाललंय ना, त्याला शून्य."

दाराशी मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या चंद्रव्वा बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"एकोनीस? अय्य, लई मागं की! दवाखान्यात मला बी एकोनीसच नंबर मिळालाय. आता कुटं पाच नंबर आत गेलाय, म्हनून हितं येऊन बसले. त्या बिचाऱ्या मोराला बी तसंच बसवलं व्हय तुमी?"

मी हसलो. मग गुपचूप त्या हाकेची माहिती आयुष्यात पहिल्यांदा वाचली. स्वच्छ लिहिलं होतं: आकडा जितका मोठा, तितकी पाळी मागे. एकोणीस म्हणजे शेवटचं टोक. सगळ्यात मोठा मान वजा वीसला.

वजा आकडा द्यायचा हक्क फक्त मशीनच्या मालकाला असतो, म्हणून ताईंकडून पासवर्ड टाकून घेतला. नक्षीला वजा दहा दिले, फोटोंना एकोणीस. दहा मिनिटांत मोराला मान फुटली, मग चोच. सव्वाचारला माग खडखडू लागला आणि पाचला दहा मिनिटं असताना नमुना रवाना झाला.

"आता गुन्हेगाराचं नाव सांगा," पद्मजाताई म्हणाल्या.

"मध्यम उंची. चष्मा. स्कूटरवरून फिरतो."

"आणि शेंगाचटणी?"

"खातो," मी खाली बघून म्हणालो.

ताईंनी कीबोर्ड उचलून माझ्यासमोर उलटा झटकला. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. तेवढ्यात चंद्रव्वांचा फोन वाजला. दवाखान्यात सतरावा आत गेला होता. मी त्यांना मुकाट्याने स्कूटरवर बसवलं. पोचलो तेव्हा अठरावा बाहेर येत होता. त्या दिवशी एकोणीस नंबरचं माझ्या हातून वेळेवर झालेलं काम ते एवढंच.