बोरवडीचे पश्चिम वायुद्वार

इमारत जोवर लोकांच्या उपयोगी पडते, तोवर ती नुसती इमारत असते. उपयोग संपला, छप्पर गळायला लागलं, आत कुत्री व्यायली, की ती ऐतिहासिक होते. हा नियम माणसांनाही लागू आहे, पण माणसांसाठी अजून समिती नेमलेली नाही.

बोरवडीच्या रेल्वे कारखान्याला हा मान १९९४ साली मिळाला. बोरवडी सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या बरोबर हद्दीवर. (साताऱ्याची माणसं गाव सांगलीत आहे म्हणतात, सांगलीची साताऱ्यात, विषय रस्त्याचा असला की दोन्हीकडचे छातीठोक सांगतात.) इंग्रजांच्या काळात छोट्या लाईनीची इंजिनं इथे दुरुस्तीला यायची. मोठी लाईन आली, छोटी इंजिनं भंगारात गेली आणि कारखान्याला टाळं लागलं. पुढे टाळंही चोरीला गेलं.

इमारत मात्र देखणी, यात वाद नाही. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर दीड हात जाडीच्या लाल विटांच्या भिंती, बसक्या कमानींच्या खिडक्या. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, आणि प्रत्येक दात्याच्या उत्तर अंगाला काचा, म्हणजे उजेड आत यावा आणि ऊन बाहेर राहावं. बिडाचे खांब आतून पोकळ. छपराचं पाणी त्यांच्या पोटातून जमिनीत उतरायचं. खांबाने छप्परही पेलायचं आणि पन्हळाचंही काम करायचं. (हल्लीच्या सरकारी इमारतीत पाणी जिन्याने उतरतं.)

अशी वास्तू वाऱ्यावर सोडणं बरं नव्हे, म्हणून दोन्ही जिल्ह्यांची मिळून एक संयुक्त वारसा जतन समिती झाली. समितीने पहिल्याच बैठकीत वास्तूच्या भागांच्या तीन श्रेण्या ठरवल्या. श्रेणी एक : हात लावू नये. श्रेणी दोन : विचारून हात लावावा. श्रेणी तीन : हात लागलाच तर कळवावे. दुसऱ्या बैठकीत चहा कुणी सांगायचा हे ठरलं. तिसऱ्या बैठकीत नकाशे काढायला एका कचेरीतून मिलिंद नावाचा अनुरेखक उसना घेण्यात आला.

अनुरेखक म्हणजे ट्रेसर. दुसऱ्याने काढलेल्या रेघेवर पातळ कागद ठेवायचा आणि तीच रेघ पुन्हा ओढायची. स्वतःची ओढायची नाही. मिलिंदने बारा वर्षांच्या नोकरीत स्वतःची एकही रेघ ओढली नव्हती आणि त्याबद्दल त्याच्या गोपनीय अहवालात चांगला शेरा होता. तो मूळचा बोरवडीचाच, कारखान्याच्या मागच्या बौद्ध वस्तीतला. आई चंद्राबाई अजून तिथेच राहत होती. ‘स्थानिक माहितीचा उपयोग होईल’ असं समितीने लिहून ठेवलं होतं.

मोजणी झाली. भिंती मोजल्या, खांब मोजले, मग छिद्रं मोजली. कोष्टक असं :

एकूण छिद्रे : १४३.
पैकी नियोजित (खिडक्या, दारे, धुराडी) : ६१.
अनियोजित (पडझड, चोरी, शेळ्या) : ८२.

अनियोजित छिद्रं विटांनी बुजवून वास्तू मूळ रूपात आणावी, असा ठराव झाला. मिलिंद यादी सुवाच्य अक्षरात उतरवत होता, तो सत्तेचाळिसाव्या ओळीशी त्याचा हात थांबला. ‘पश्चिम भिंत. रुंदी चार फूट, उंची साडेसहा. कडा तुटक्या.’

हे भोक त्याच्या चांगलं ओळखीचं होतं. कारखाना बंद झाला तेव्हा आतलं एक मोठं लेथ मशीन मागच्या अरुंद दारातून निघेना. ठेकेदार भला माणूस, त्याने दार मोडलं नाही, भिंत फोडली. मशीन गेलं आणि भोक राहिलं. पाण्याचा नळ होता कारखान्याच्या पुढच्या अंगाला, स्टेशनाकडे. वस्ती मागच्या अंगाला. भोकातून शिरलं, शेड ओलांडली, की दोनशे पावलांवर नळ. भोक नसेल तर भिंतीच्या टोकापर्यंत जा, ओढा उतरा, फाटकाशी गाडी जायची वाट बघा, आणि मग उलटे या : सव्वा किलोमीटर. (गावची विहीर वस्तीला कायद्याने खुली आहे. कायदा आणि विहीर यांच्या मधे पाटलांचं अंगण आहे. वस्तीत नळ येणार हे एकोणऐंशीपासून ठरलेलंच आहे.)

त्या शनिवारी तो घरी गेला तर चंद्राबाई गुडघ्यांना तेल चोळत बसली होती.

“मिलिंदा, आपलं भोक बुजवनार म्हनं. खरं हाय व्हय रं?”

“कोण म्हणालं?”

“समदी वस्ती म्हनतीया. बनाबाई तर रडाया लागली. आरं, भरल्या घागरी घिऊन वड्यात उतरायचं म्हंजी काय खेळ हाय का? पोरी उतरतील. मी काय नवं गुडघं आणू?”

“बघतो आई.”

“बघतो नगं म्हनू. सरकारी मानूस बघतो म्हनला की काम व्हत न्हाई.”

मिलिंदला रात्रभर झोप लागली नाही. आईने याच भोकातून पाणी आणून त्याला वाढवलं होतं, शाळेत धाडलं होतं, आणि त्याच शिक्षणाच्या जोरावर तो आता ते भोक बुजवायची यादी सुवाच्य अक्षरात लिहीत होता. त्याला स्वतःची लाज वाटली. सोमवारी कचेरीत जाऊन त्याने आयुष्यातली पहिली स्वतःची रेघ ओढली. नकाशावर सत्तेचाळीस नंबरच्या माथ्यावर एक हलकीशी कमान काढली, खाली ‘वायुद्वार (पश्चिम)’ असं लिहिलं, आणि कोष्टकात ६१ चे ६२ आणि ८२ चे ८१ केले. बेरीज जुळत होती, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं.

पण समितीचे वास्तुतज्ज्ञ गोपाळकृष्ण परचुरे नकाशे वाचणारे निघाले. (असं क्वचित होतं.) मूळचे वाईचे, अत्यंत सज्जन, जुन्या जोत्यावर पाय ठेवण्याआधी चपला काढायचे. ते भोकासमोर पाऊण तास उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. विटांच्या तुटक्या कडा पाहून ते म्हणाले, या तुटक्या नव्हेत, दातेरी आहेत. पुढे बांधकाम वाढवायचं असलं की गवंडी मुद्दाम असे दाते सोडतो. उंबऱ्याचा दगड मधोमध गुळगुळीत झिजला होता. ही झीज वाऱ्याच्या झोताने, असं त्यांनी अनुमान काढलं. तेवढ्यात बनाबाई दोन घागरी घेऊन त्या दगडावर पाय देऊन गेली. परचुरे तिला वाट द्यायला अदबीने बाजूला झाले आणि वाऱ्याचा वेग लिहू लागले.

नियमाप्रमाणे एका वयोवृद्ध साक्षीदाराचा जबाब लागत होता. कारखान्यातले जुने घणकरी यल्लाप्पा यांना बोलावलं. लेथ काढताना भिंतीवर घण घालणारे हेच. ते खोटं बोलत नसत. मिलिंद दाराशी उभा राहून मनातल्या मनात हात जोडत होता.

“हे द्वार तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत, तेव्हा ते केवढं होतं?”

“आत्ता हाय तेवढंच, सायेब. इंच न्हाई वाढलं.”

“आणि त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी मी तिथनं कदी गेलोच न्हाई.”

“म्हणजे वापरावर निर्बंध होते,” परचुरे म्हणाले, आणि तसं लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर यल्लाप्पांनी मिलिंदच्या पाठीवर थाप मारली. “खरं बोललो बग गड्या. त्यांनी इचारलं तेवढंच बोललो.”

वस्तीत त्या दिवशी गोडधोड झालं. महिनाभराने परचुऱ्यांचा पस्तीस पानी अहवाल आला. त्यातली बावीस पानं भोकावर होती. असे विषम कमानीचे, दातेरी कडांचे, झोतझीज झालेले वायुद्वार दख्खनच्या पठारावर दुसरे नाही. समितीने टाळ्या वाजवल्या आणि पश्चिम वायुद्वाराला एकमताने श्रेणी एक बहाल केली. म्हणजे हात लावू नये. पायाचा विषय ओघाने आलाच. आठ दिवसांत भोकाला लोखंडी जाळी बसली, जाळीला कुलूप बसलं, शेजारी निळा फलक लागला. या कामात समितीची सगळी तरतूद संपली. त्यामुळे उरलेली एक्क्याऐंशी अनियोजित छिद्रं बुजवायची राहून गेली. ती आजही उघडी आहेत, शेळ्या मजेत ये-जा करतात. सत्तेचाळीस नंबर यादीत मुकाट राहिला असता, तर तोही उघडाच राहिला असता. हा हिशेब समितीत एकट्या मिलिंदला कळला. त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही.

चंद्राबाईने जाळीला हात लावून पाहिला.

“ह्ये काय केलंस रं?”

“आई, मी ते वाचवलं.”

“वाचवलंस? आन् मी जाऊ कुठनं?”

तिने घागरी उचलल्या आणि ओढ्याकडे वळली. मिलिंदने एक घागर घेऊ केली तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तुजी कापडं भिजतील.” त्याने चावीसाठी तीन अर्ज केले. श्रेणी एकची चावी अध्यक्षांकडे, अध्यक्ष दोन जिल्ह्यांचे आळीपाळीने, आणि चावी नेहमी मागच्या अध्यक्षांकडे. तिसऱ्या अर्जावर शेरा आला : ‘अर्जदारास वास्तूविषयी आस्था दिसते. रविवारी पर्यटकांची नोंद ठेवण्यास नेमावे.’

तेव्हापासून दर रविवारी मिलिंद जाळीशेजारी टेबल टाकून बसतो. गाड्या येतात, साताऱ्याच्या, सांगलीच्या, पुण्याच्या सुद्धा. सत्त्याण्णवच्या डिसेंबरात तुम्हीही आला होतात. ऊन होतं, तुम्हाला तहान लागली होती, आणि जवळपास कुठे पाणी दिसेना. तेवढ्यात ओढा चढून दम खात एक म्हातारी आली. तुम्ही मागितलंत, तिने घागर वाकवली. तुम्ही दोन तांबे प्यायलात, मुलांना पाजलंत, तोंडावरही मारलंत. पाणी गोड आहे म्हणालात. ती “लेकरांनी प्यालं, बरं झालं” म्हणून रिकामी घागर घेऊन परत ओढ्यात उतरली. मग मिलिंदने अभिप्रायाची वही आणि पेन तुमच्यापुढे ठेवलं आणि तुम्ही छान अक्षरात लिहिलंत : ‘वास्तू अप्रतिम. जतन अनुकरणीय. फक्त गावातल्या बायका घागरी घेऊन मागच्या वाटेने सारख्या ये-जा करतात, त्यामुळे वायुद्वाराचा मोकळा फोटो मिळत नाही. समितीने लक्ष घालावे.’

समितीने लक्ष घातलं. ती वाट तारेने बंद केली आहे, आणि नळाचा वळसा आता अडीच किलोमीटरचा झाला आहे. पुढच्या वेळी कॅमेरा जरूर आणा. मोलाच्या सूचनेबद्दल समिती आपली आभारी आहे.