सोजरमावशीची तालीम

सरकारचा माणूस तुमची गरिबी तपासायला घरी आला, तर तुम्ही त्याला चहा द्याल का?

द्याल. आमच्या गल्लीने दिला. शेजारून फुलाफुलांचे कप मागून आणले, बिस्किटं मांडली, ठेवणीतली चादर अंथरली. पाहुणा खूश होऊन गेला म्हणून सगळे समाधानात होते. साहेब खरंच खूश झाला होता. त्याने सगळ्यांना खाऊनपिऊन सुखी ठरवलं आणि गुलाबी कार्डं लिहून टाकली.

ते दिवस खुल्या बाजाराचे. दुकानांत परदेशी साबण येत होते, आणि नेमकं तेव्हाच सरकारला वाटू लागलं होतं की देशात गरीब जरा जास्तच झालेत. जुनी रेशनकार्डं बाद झाली. नवी दोन रंगांची आली. पांढऱ्यावर स्वस्त तांदूळ, गुलाबीवर नुसता शिक्का. मी नुकतीच पत्रकं लिहायला लागले होते. भुकेला रंग नसतो, असं ठळक छापलेलं एक पत्रक घेऊन मी हैदराबादच्या मलकपेठेत दारोदार फिरत होते. सोजरमावशीने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "कागद जाड आहे गं. शेवया वाळवायला अजून चार दे."

मावशी मूळची भालकीकडची. लग्न होऊन इकडे आली, पुढे नवरा वारला. थोरला मुलगा पुण्यात, धाकटा मुंबईत. मावशी एका खोलीत राहायची आणि लोकांच्या घरी पोळ्या लाटायची.

फेरतपासणी होणार असं कळलं आणि मावशीने त्या खोलीत तालीम सुरू केली. साहेब ती स्वतः. नवऱ्याचा जुना चष्मा नाकावर, बूड पालथ्या बादलीवर. एकेकाला दारातून आत बोलवायची आणि तपासनिसाच्या दखनी हिंदीत विचारायची, "कमाते कौन?"

हातगाडी ओढणारा तुकाराम म्हणाला, "तुमच्या कृपेनं सगळं झकास आहे साहेब." आलेल्या माणसाला त्याने जन्मभर हेच सांगितलं होतं.

"नापास," मावशी म्हणाली. "बाहेर जा, परत ये."

शेजारची लक्ष्मी नवऱ्याबद्दल म्हणाली की ते हल्ली जरा आराम करतात. मावशीने चष्म्यावरून पाहिलं. "आराम? नवाब आहे का तो? खाटेवरून उठत नाही म्हण की." लोक हसले. लक्ष्मीने तेच वाक्य पुन्हा म्हणायला घेतलं आणि मध्येच रडू लागली. मावशीने चष्मा काढला, तिला पाणी दिलं आणि त्या दिवसापुरती तालीम मोडली.

मला हा प्रकार मुळीच पटला नव्हता. उपाशी माणसाने आधी परीक्षा द्यायची, तीही घोकून? मी मावशीला तोंडावर सांगितलं, ही गरिबांची थट्टा आहे. शिवाय शिकवून वदवलेलं ते खोटंच.

मावशी म्हणाली, "खोटं तर सगळे न शिकवता बोलतात पोरी. मी खरं बोलायला शिकवते. त्यालाच वेळ लागतो."

तपासणीच्या सकाळी ती टोपली घेऊन घरोघर गेली आणि मागून आणलेले कप गोळा केले. चहा नक्को, पाणी द्या, तेही तांब्यातून. गल्लीने मान खाली घालून का होईना, खरं सांगितलं. एकेक करत पांढरी कार्डं झाली.

शेवटी साहेब मावशीकडे आला. मी दारात बसले होते. माणूस वाईट नव्हता. घामाघूम झाला होता. पाणी प्यायला आणि त्याने विचारलं, "अम्मा, घर में कौन कौन रहते?"

मावशीने पदर सारखा केला. "दो बच्चे हैं साब. बडा पूना में, छोटा बंबई में. दोनो कमाते. हर महिना भेजते."

पोस्टमन त्या दाराशी कधी थांबत नाही, हे आख्ख्या गल्लीला माहीत होतं. मी म्हटलं, "मावशी, अगं..."

माझ्याकडे न बघता ती साहेबाला म्हणाली, "ये बच्ची को क्या मालूम साब."

साहेबाने गुलाबी कार्ड लिहिलं.

तो गेल्यावर मी तिला समजावलं. अर्ज करता येतो. मुलं काही पाठवत नाहीत, एवढं लिहून खाली अंगठा द्यायचा. तांदूळ सुरू होईल. नाहीतर बाजारभावाने किती दिवस खाशील? पोळ्या लाटून हात तर दुखायला लागलेत.

मावशीने साहेबाचा तांब्या विसळून पालथा घातला. मग म्हणाली, "गल्लीला माहीत आहे, ते चालतं गं. पण सरकारात, माझ्या अंगठ्यानं? उद्या पोरं आली, तर कुठल्या तोंडानं येतील?"

तो अर्ज मी भरला नाही. ती भरू देणार नव्हती. दुसऱ्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतली बायामाणसं तिच्या खोलीत जमली होती आणि मावशी पुन्हा बादलीवर बसली होती.

हे वाचणाऱ्यांत पुण्यामुंबईत कमावणारे पुष्कळ असतील. नवी धोरणं, नव्या नोकऱ्या यांनी तुमचं भलं झालं असेल, होवो. मी एरवी पत्रकात सरकारकडे मागण्या करते. आज एक मागणी तुमच्याकडे आहे. तुमच्या आईने कुणापुढे तरी तुमच्याबद्दल काहीतरी सांगून ठेवलं असेल. ते खरं करा.