साठीच्या पुढचा गट

"रविवारपर्यंत आठ नावं? अहो, अठरा आणतो!" असं मोजणीसाहेब क्लबच्या चिटणिसांना छातीठोकपणे सांगून आले, तिथूनच सगळं सुरू झालं.

क्लबमध्ये टेनिसचं कोर्ट एकच. सकाळी सातची वेळ कित्येक वर्षं साहेबांची आणि त्यांच्या वयाच्या मंडळींची. आता चिटणिसांना ती मुलांच्या शिकवणीला द्यायची होती. सकाळची वेळ स्पर्धा खेळणाऱ्यांनाच, असा नियम त्यांनी काढून दाखवला.

"मग आम्हीही स्पर्धा खेळतो. साठीच्या पुढच्यांची," साहेब म्हणाले.

"अशी स्पर्धा असते कुठे?"

"आजपासून असते."

"मग रविवारपर्यंत आठ नावं आणून दाखवा."

साहेबांची उभी हयात जमिनी मोजण्यात गेलेली. वय विचारलं तरी ते वर्षं, महिने आणि दिवस सांगत. त्यामुळे फळ्यावर कागद लावताना त्यांनी निःशंक मनाने लिहिलं, 'वयाची साठ वर्षे पूर्ण. जन्माचा दाखला जोडणे.' खाली पहिलं नाव स्वतःचं टाकलं. गुरुवार उजाडला तरी शेवटचं नावही तेच होतं.

साहेबांनी दातांच्या डॉक्टरांना गाठलं.

"मी त्यात बसत नाही हो. मला पंचावन्न चालू आहे," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, आपण पहिलीला एका बाकावर होतो."

"मला घरच्यांनी जरा लवकर शाळेत घातलं होतं."

"जरा? या हिशेबाने तुम्ही जन्माच्या सहा वर्षं आधी पहिलीत बसलात."

डॉक्टरांना तेवढ्यात पेशंट आठवला. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी तर विषयच वाढू दिला नाही. "मी मुदतीआधी निवृत्ती घेतली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. किती आधी, ते कुणालाच ठाऊक नाही. ते तसंच राहू द्या."

घरी साहेब चहा गार करत बसले. बायको म्हणाली, "अहो, माणसं खेळायला येतात. त्यांची मोजणी कशाला करता? दाखला काढून टाका आणि पंचेचाळीसच्या पुढे कुणीही या म्हणा."

साहेबांनी नाइलाजाने नवा कागद लावला. साठीचा गटही हट्टाने ठेवलाच. संध्याकाळपर्यंत पंचेचाळीसच्या गटात तेवीस नावं. सगळ्यात वर डॉक्टर, त्यांच्याखाली बाई. चिटणिसांना कोर्ट सोडावं लागलं.

घोटाळा एवढाच झाला की त्या तेविसांत चारजण खरोखर पंचेचाळिशीचे निघाले. त्यातल्या एका पोहण्याच्या मास्तरांनी डॉक्टरांना अकरा मिनिटांत घरी पाठवलं. बाई तर रस्ता ओलांडायला उभ्या असल्यासारख्या इकडून तिकडे जाणारे चेंडू बघत राहिल्या. साठीच्या गटात साहेब एकटेच. एकही चेंडू न मारता त्यांना कप मिळाला, आणि दुकानदाराच्या गोंधळामुळे तो सगळ्यांत मोठा होता. वर्तमानपत्रात फोटोही छापून आला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता साहेब कोर्टवर हजर. डॉक्टरांची कंबर धरलेली, बाईंचा गुडघा नुसतं उभं राहूनच सुजलेला, बाकीच्यांचंही काही ना काही दुखत होतं. कोणीच आलं नाही. साहेब अर्धा तास भिंतीशी खेळले आणि मग बाकावर बसून राहिले. कोर्ट वाचलं होतं, पण त्यावर खेळायला माणूस उरला नव्हता. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

मंगळवारी दाराची घंटा वाजली. डॉक्टर लिफाफा घेऊन उभे.

"दाखला आणलाय. सदुसष्ट. तुमच्यापेक्षा दोन महिने मोठाच आहे मी."

"आणि पंचावन्न?"

"ते जाऊ द्या. पुढच्या वर्षी कप तेवढाच मोठा असणार ना?"

मागोमाग बाई आल्या. त्यांनी दाखला प्लॅस्टिकमध्ये घालून आणला होता. आठवड्यात साठीच्या गटात एकोणीस नावं झाली. पोहण्याचे मास्तरसुद्धा "मी दिसतो लहान" म्हणत आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. शेजारच्या तीन क्लबांनी नियम मागवले, आणि पाहता पाहता ज्येष्ठांच्या टेनिसची रीतसर संघटना उभी राहिली. संस्थापक अर्थातच मोजणीसाहेब.

तिच्या पहिल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत डॉक्टरांनी संस्थापकांना सहा-शून्य, सहा-शून्य लोळवलं. साहेब घामाघूम होऊन, पण खुशीत घरी आले.

"अगं, संघटनेने आता सत्तरीचा गट काढायला हवा."

"काढा की. पण तुम्हाला सदुसष्ट ना?"

साहेबांनी बूट सोडता सोडता जरा विचार केला.

"सदुसष्ट म्हणजे," ते म्हणाले, "ढोबळमानाने सत्तरच."